चालकाशी बोलू नये

गाडीला पुढे पूर्ण काच लावायची की नुसती पट्टी, यावरून आमच्या वर्कशॉपात जितके वाद झाले तितके घरांच्या वाटण्यांवरूनही होत नसतील. गाड्या छोट्या, दोन माणसांच्या, वरून उघड्या. पावसात भिजायची आणि उन्हात भाजायची तयारी असेल त्यानेच घ्याव्यात. तरी घेणाऱ्यांत दोन जाती असतात. एका जातीला समोर काच हवी, वर लावायला कापडी टप हवा, म्हणजे बायको रागावली तर तो टप दाखवता येतो. दुसरी जात म्हणते, वारा तोंडावर येणार नसेल तर घरी पंख्याखाली बसलेलं काय वाईट? अशांसाठी आम्ही वीतभर उंचीची, मागे कललेली पारदर्शक पट्टी लावतो. वारा तिच्यावर चढतो आणि वर उडतो. मग तो कुणाच्या डोक्यावरून जातो, कुणाच्या कपाळावर बसतो, ते ज्याच्या त्याच्या उंचीवर आणि नशिबावर. वर्कशॉपात त्या पट्टीला सगळे भुवई म्हणतात. ती लावली की गाडी भुवई उंचावून आपल्याकडे बघते आहे असं वाटतं.

मी तिथे सीटा शिवते आणि टप शिवते. टप पुढे काचेच्या चौकटीला अडकवायचा असतो. भुवई लावली की टप नाही. म्हणून काच की भुवई हे मला कुणी विचारत नाही. माझं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

पण त्या वेळी गाडी माझ्या धाकट्या भावाची होती, म्हणून मीच विचारलं.

भाऊ बसचा चालक. मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत सगळी वर्षं एकाच डेपोत काढली. निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या दारात येऊन उभा राहिला. मालकांकडे एक अर्धवट गाडी कोपऱ्यात पडून होती, नुसता सांगाडा आणि इंजिन. ज्याने मागवली होती त्याला मध्येच जुळं झालं आणि दोन सीटांची गाडी त्याच्या काही कामाची राहिली नाही. भाऊने ती घेतली आणि रोज डबा घेऊन येऊन, मालकांच्या शिव्या खाऊन, स्वतःच्या हाताने उभी केली. पत्रे चढले, रंग लागला, चाकं बसली. राहिली फक्त काच.

"भुवई," भाऊ म्हणाला. "यात विचारायचं काय? जन्मभर दरवाजाएवढ्या काचेमागे बसलोय, अक्का. रस्त्यावरची झाडं वाऱ्याने वेडीवाकडी व्हायची, ती मला नुसती दिसायची. आता मधे काही नको."

"आणि शेजारी बसणारीला विचारलंस?"

"तिचं काय? ती बसेल की."

ती, म्हणजे माझी भावजय. मी तिला वहिनीच म्हणते, वयाने लहान असली तरी. तिची लाँड्री आहे. गिऱ्हाइकांचे कपडे स्वतःच्या व्हॅनमधून घरोघर पोचवते. तिला बोलायची इतकी आवड की तिच्याकडे शर्ट इस्त्रीला दिला तर शेजारच्या गल्लीतली खबर घडी घालून बरोबर येते. आणि नवरा मिळाला असा, की त्याच्या तोंडून वाक्य काढायचं म्हणजे विहिरीत पडलेला तांब्या गळाने काढायचा.

ती दुपारी माझ्या शिलाई मशीनपाशी आली. हातात गिऱ्हाइकाचा कोट होता, पण तो निमित्ताला.

"वन्सं, भुवई लावू देऊ नका."

"माझ्या टपासाठी म्हणतेस होय? गुणाची गं माझी."

"तुमचा टप राहू द्या बाजूला. माझं ऐका." ती माझ्या कापडाच्या गाठोड्यावर बसली. "लग्न झाल्यापासून ह्यांची ड्यूटी. सणावारी दुप्पट. मला ह्यांच्याबरोबर कुठे जायचं तर ह्यांच्याच बसमध्ये बसायचं. मी बसायची पहिल्या सीटवर, ह्यांच्या मागे. आणि डोळ्यांसमोर पाटी: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. संसार केला तो ह्यांच्या मानेशी. मानेवरचा तीळ तोंडपाठ आहे मला. मनात काय आहे ते विचाराल तर एक अक्षर सांगता यायचं नाही."

"घरी?"

"घरी जेवायचे आणि झोपायचे. पहाटेची पाळी. झोपेत काय हॉर्न मारतात तो ऐकायचा." ती हसली, मग हसू आवरलं. "आता लेकीकडे जायचं ठरलंय ह्या गाडीने. दिवसभराचा रस्ता. शेजारीशेजारी बसून, मागेपुढे नाही. मला त्या रस्त्यावर बोलायचंय ह्यांच्याशी. एवढं एकच मागणं आहे. त्यात हे वारा आणून घालताहेत मधे. भुवईमागे काय ऐकू येणार?"

मी म्हटलं, बघू.

आमच्याकडे एक रीत आहे. पुढच्या पत्र्याला भोक पाडायच्या आधी काच आणि भुवई, दोन्ही नुसत्या शिकंज्यांनी पकडून बसवायच्या आणि गिऱ्हाइकाला रस्त्यावर पाठवायचं. मालक म्हणतात, "भोक एकदा पडलं की पडलं. पत्र्याला माफी मागता येत नाही." दुसरी रीत माझी. सीट शिवण्याआधी मी माणसाला वाळूच्या पोत्यावर बसवते. कातड्याचं पोतं, बारीक चाळलेली वाळू. तो उठला की वाळूत त्याची बैठक उमटलेली असते, त्यावरून फोम कापायचा. आमच्या गाडीत सीट पुढेमागे सरकत नाही. ज्याच्या मापाची, त्याच्या जागी बोल्टने पक्की. दुसऱ्याने त्यावर बसून चालवायचं तर गुडघे तरी हनुवटीला लागतात किंवा पाय तरी ब्रेकला पोचत नाहीत.

भाऊला मी मागेच पोत्यावर बसवलं होतं. म्हटलं होतं, गाडी चालवताना बसतोस तसा बस. तो बसला आणि मी त्या मापाची सीट शिवूनही टाकली. त्याचा घोळ पुढे कळला.

आधी भुवई. शिकंजे आवळले, भाऊने चष्मा चढवला, वहिनीने डोक्याला रुमाल बांधला आणि गाडी फाटकाबाहेर गेली. कालव्यापर्यंत जाऊन परत यायचं होतं. आली तेव्हा भाऊचे दात सगळेच्या सगळे दिसत होते. वहिनीचा रुमाल कालव्याकडेच राहिला होता आणि केसांचं काय झालं होतं ते सांगत नाही, तिने हे वाचलं तर मला कपडे स्वतः धुवावे लागतील.

"कशी काय?" मालकांनी विचारलं.

"झकास!" भाऊ ओरडला. कान अजून वाऱ्यातच होते.

"मी ह्यांना विचारलं, दमलात का? म्हणाले, हो. विचारलं, नाही ना दमलात? म्हणाले, हो," वहिनी म्हणाली. "मग मी विचारलं, दुसरी बायको केली आहे का कुठे? म्हणाले, हो हो!"

वर्कशॉपभर हशा पिकला. रंगवाल्याने हातातला ब्रश खाली ठेवला.

"कधी विचारलंस?" भाऊ म्हणाला.

"पुलावर."

"पुलावर मला वाटलं तू म्हणालीस, मस्त वाटतंय ना."

"बघा, वन्सं."

मग मोठी काच बसवली. चौकटीला रबर, खाली चार शिकंजे, बाजूंना छोटे आधार. गाडी पुन्हा गेली. या वेळी मी मुद्दाम फाटकाशी जाऊन उभी राहिले, म्हणजे परत येताना वहिनीचं तोंड आधी मला दिसावं.

दिसलं, आणि मला बरं वाटलं नाही. केस जागच्या जागी होते, पदर जागच्या जागी होता, आणि ती गप्प होती. वहिनी रागावली तर बोलते, रडली तर बोलते, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवूनही बोलते. तिला गप्प मी पहिल्यांदाच बघत होते.

भाऊ तक्रार करत उतरला. "चौकटीचा दांडा बरोबर डोळ्यांपुढे येतो. मान ताणली तर कपाळाला वारा, मान वाकवली तर पाठ मोडते. ही काच नको."

मालक मोजपट्टी घेऊन दांडा बघायला लागले. मी वहिनीला बाजूला घेतलं.

"काचेमागे ऐकू नाही आलं?"

"सगळं ऐकू आलं," ती म्हणाली. "एक शब्द वाऱ्यावर गेला नाही. मी लेकीचं बोलले, घराच्या गळतीचं बोलले, लाँड्री पुढे चालवायची का ते विचारलं. ह्यांनी नुसतं रस्त्याकडे बघितलं. एकदा 'हं' म्हणाले, तर ते समोरच्या सायकलवाल्याला." तिने बोटातली अंगठी फिरवली. "वन्सं, भुवईच लावा."

"अगं, पण तूच म्हणालीस..."

"काचेमागे बसून हे गप्प राहिले तर ते मला ऐकू येतं. भुवई असेल तर निदान वाऱ्याला दोष देता येईल."

मी भावाकडे गेले.

"बायको बोलत होती, उत्तर का दिलं नाहीस?"

"गाडी चालवताना?" त्याला खरंच नवल वाटलं. "अक्का, मागे साठ माणसं बसलेली असायची. गिअर टाकला की जीभ टाळूला चिकटते माझी. ठरवून चिकटवत नाही. मी कालव्यापाशी प्रयत्न केला होता. म्हणायचं होतं, लाँड्री चालू ठेव. तोंड उघडलं आणि पाय ब्रेकवर गेला." तो खाली बघायला लागला. "तिला वाटलं सायकल आडवी आली."

तेवढ्यात मालक आले, हातात ड्रिल. "ठरलं म्हणतात. भुवई ना? पाडू भोकं?"

"पाडा," वहिनी म्हणाली.

"पाडा," भाऊही म्हणाला, पण आता त्याच्या 'पाडा'त दम नव्हता.

मी मधे गेले. "भोक नंतर. दांडा डोळ्यांपुढे का आला ते आधी बघू द्या. त्या चौकटीने आजवर कुणाचे डोळे झाकले नाहीत. माझीच सीट चुकली असणार." आणि भाऊला म्हटलं, "बस आत. मी बघते."

तो बसला आणि सगळ्यांना एकदमच दिसलं. खांब रोवावा तसा ताठ, गुडघे काटकोनात, हात समोर आडवे, जणू परातीएवढं स्टिअरिंग धरलंय. पोत्यावरही तो असाच बसला असणार. मी सांगितलं होतं, चालवताना बसतोस तसा बस. त्याने मला बसची बैठक दिली आणि मी ती इमानदारीने शिवली. जमिनीला टेकलेल्या एवढ्याशा गाडीत मी बसची सीट बसवली होती.

"अरे, कंडक्टर कुठाय?" रंगवाल्याने विचारलं. भाऊसुद्धा हसला.

"सीट उसवावी लागणार," मी म्हटलं. "नवं माप घ्यायचं. आणि आता घ्यायचंच आहे तर चालवणाऱ्या दोघांनाही बघून घेते."

"दोघं कोण?"

"गाडी हिलाही येते ना?"

"तिला व्हॅन येते," भाऊ म्हणाला. "व्हॅन वेगळी."

"हो, वेगळीच," वहिनी म्हणाली. "व्हॅनमध्ये मागे लोकांचे पांढरे शर्ट टांगलेले असतात. तुमच्या साठ माणसांना धक्का लागला तर ती नुसती ओरडतात. शर्टाला चुणी पडली तर तो परत येतो." आणि ती चालकाच्या बाजूला येऊन उभी राहिली. "सरका."

"मी बाजूला बसत नाही कुणाच्या."

"का?"

भाऊ विचारात पडला. "हात कुठे ठेवायचे?"

"मांडीवर," मी म्हटलं. "प्रवासी ठेवतात तसे."

मोठी काच काढायचा मालकांना कंटाळा आला होता, म्हणून तीच राहू दिली. वहिनीच्या पाठीमागे मी फोमचे दोन तुकडे कोंबले तेव्हा कुठे तिचे पाय पोचले. भाऊ शेजारच्या सीटवर, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखा. वहिनीने गाडी अशी मऊ सोडली की मालकांनी मान डोलावली.

कालव्यापर्यंत जाऊन यायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो. आमचा चहा झाला. मालकांनी दुसऱ्या गाडीचं काम काढलं. रंगवाला म्हणाला, "लेकीकडेच गेली काय?" मालक म्हणाले, "माझे शिकंजे घेऊन?" मी सीट उसवायला घेतली होती, पण टाके सोडता सोडता नजर फाटकाकडे जात होती. भांडून रस्त्यातच उतरली नसतील ना, असंही मनात येऊन गेलं. वहिनी उतरणारी नाही, पण भाऊ पायी चालत आला असता.

शेवटी गाडी आली. फाटकातून आत शिरली, पण थांबली नाही. अंगणात चक्कर मारू लागली. उघडी गाडी, सावकाश चाल, त्यामुळे समोरून जाताना बोलणं ऐकू यायचं. बोलत होता भाऊ.

"...मला आतल्या आरशात दिसायचीस ना तू! पहिल्या सीटवरचं माणूस सगळ्यात..." गाडी पुढे गेली.

दुसऱ्या फेरीला: "...तू कंडक्टरशी बोलायचीस. इंजिनाच्या आवाजात शब्द नाही यायचा. नुसतं तोंड हलताना दिसायचं. मग मीच मनात तुझी वाक्यं बनवायचो. सिग्नलला एक, वळणावर..."

मालक गाडीला हात करून थांबवणार होते. मी त्यांचा हात धरला.

तिसऱ्या फेरीला वहिनी काहीतरी विचारत होती आणि भाऊ म्हणत होता, "छे, तसं कसं बनवेन? माझ्या वाक्यांत तू माझ्यावर कधी रागवायची नाहीस. म्हणून तर घरी आल्यावर मी गोंधळायचो." वहिनी इतकी हसली की गाडीला एक गचका बसला. आणि चालकपणाची सगळी वर्षं गाठीला असलेला माझा भाऊ त्या गचक्याकडे लक्षसुद्धा न देता पुढे बोलत राहिला.

त्याचं बोलून झालं तेव्हा गाडी थांबली. वहिनीने इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरच ठेवले. तिचे डोळे ओले होते, आणि समोर काच असल्याने ते वाऱ्यावर ढकलताही येत नव्हतं.

"काय ठरलं?" मालकांनी विचारलं.

"मोठी काच," भाऊ म्हणाला. "यात विचारायचं काय? भुवईमागे हिला माझं ऐकू यायचं नाही."

"मला भुवई बरी वाटायला लागली आहे," वहिनी म्हणाली. "ह्यांचं हे असंच चालणार असेल तर."

"अगं, अजून त्या डेपोच्या संपातलं सांगायचं राहिलंय."

"ऐकलंत, वन्सं? काचच लावा. नाहीतर संप कसा मिटला ते कळणार नाही."

मालक हसत हसत शिकंज्यांच्या जागी खुणा करायला लागले. मग थांबून म्हणाले, "अक्का, सीट उसवलीत ना? मग चालकाची सीट कुणाच्या मापाची? आमच्याकडे एकच बसते, सांगून ठेवतो. काचेची उंचीही त्यावरच."

सगळ्यांनी भाऊकडे बघितलं. गाडी भाऊने उभी केली होती. पत्र्याच्या कडा घासून घासून त्याच्या बोटांची सालं गेली होती. स्टिअरिंग त्याने स्वतः निवडलं होतं, तीनदा बदलून. आणि वारा तर त्याने सोडलाच होता एवढ्यात. मी मनात म्हटलं, आता एवढंही मागू नये त्याच्याकडे. वहिनीनेही तोंड उघडलं, बहुतेक तेच म्हणायला.

भाऊ गाडीच्या पुढून फिरून आला. काचेवरून हात फिरवला. मग माझं वाळूचं पोतं भिंतीपाशी होतं ते त्याने उचलून आणलं, जड होतं, मध्ये एकदा टेकवलं, आणि वहिनीपुढे ठेवलं.

"बस," तो म्हणाला. "आणि घरी बसतेस तशी बसू नकोस. चालवतेस तशी बस. माझं तिथेच चुकलं."

"आणि तुम्ही?"

"चालवायला बसलो की माझं तोंड उघडत नाही. तुला ठाऊक आहे, मलाही आता कळलंय. लेकीकडे काय, तू म्हणतेस तशी, नुसती मान घेऊन जायची? कधी एकटा कालव्यापर्यंत गेलो तर घेईन गुडघे दुमडून."

वहिनी पोत्यावर बसली. वाळू करकरली. मी खाली वाकून बघितलं तर तिची बैठक अगदी सरळ, दोन्हीकडे सारखी, शर्ट टांगावा तशी. फोम कापायला इतकी सोपी बैठक मला आयुष्यात मिळाली नव्हती.

काच लागली. टपही मीच शिवला, निळ्या जाड कापडाचा, आणि त्याचे पैसे घेण्यावरून वहिनी आणि मी आठवडाभर बोलत नव्हतो. म्हणजे मी बोलत नव्हते, ती बोलत होती. मी सीट शिवत असताना भाऊ माझ्या शेजारी येऊन बसायचा आणि मला गोष्टी सांगायचा. त्यामुळे एक शिवण वाकडी गेली आहे. डाव्या बाजूला, बघणाऱ्याला कळत नाही.

ते निघाले त्या दिवशी मी कामावरच होते. ऊन उतरायच्या सुमाराला फोन वाजला. भाची होती.

"आत्या, आई-बाबांचं भांडण झालंय का गं?"

"का? पोचले नाहीत?"

"पोचले केव्हाचे. गाडी दारात उभी आहे. दोघं उतरतच नाहीत. मी खिडकीतून हात केला तर आईने मला 'थांब' म्हणून खूण केली. बाबांचे हात नुसते हवेत चाललेत."

"भांडण नाही," मी म्हटलं. "संप मिटत असेल. चहा झाकून ठेव आणि दार उघडं ठेव."